जावा आठवरून एकवीसवर जायचंय, कोर्स घेऊ का?

प्रश्न: नऊ वर्षं जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेवर काम करतोय, सगळं तिच्या ८ व्या व्हर्जनवर. आता क्लायंट म्हणतोय मार्चपर्यंत २१ वर न्या. एक ऑनलाइन कोर्स बघून ठेवलाय, ६० तास, फी २२ हजार, शनिवार-रविवार लाइव्ह. मुलगी लहान आहे, सगळे वीकेंड जाणार. टीममधली पोरं म्हणतात ८ नंतरच्या तेरा व्हर्जन शिकाव्या लागतील. काय करू?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर: पैसे भरायच्या आधी सिलॅबस उघडा. त्यात अर्ध्याहून जास्त तास क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स, कलेक्शन असलं तर तो फ्रेशरांचा कोर्स आहे, वर फक्त २१ चा आकडा चिकटवलाय. मी स्वतः असा एकदा फसलोय, तीन आठवडे फॉर लूप ऐकत बसलो, पैसे परत नाहीतच.

तेराचा आकडा ऐकून घाबरू नका. २०१७ ला ९ आली तेव्हापासून दर सहा महिन्यांनी नवीन जावा येते, पण कंपन्या उड्या मारतात त्या ११, १७, २१ अशा, कारण सपोर्ट त्यांना जास्त वर्षं मिळतो. भाषेत रोज लागणारं नवीन म्हणजे १० मधलं व्हार, १४ चा नवा स्विच, १५ चे टेक्स्ट ब्लॉक, १६ चे रेकॉर्ड, १७ चे सील्ड क्लास आणि २१ मधले व्हर्च्युअल थ्रेड नि स्विचमधलं पॅटर्न मॅचिंग. ८ मधले लॅम्डा नि स्ट्रीम (कोड आटोपशीर लिहायच्या सोयी) पचवले असतील तर दोन वीकेंडचं काम आहे. (पचवलेत ना खरंच? ८ वर आहोत म्हणणारे किती जण तारखांसाठी अजून जुना डेट क्लासच वापरतात.) जावाच्या अधिकृत डेव्ह डॉट जावा साइटवर हे सगळं फुकट आहे.

खरी डोकेदुखी वेगळीच, ती कोर्सवाले शेवटच्या एका तासात उरकतात. ११ मध्ये जॅक्सबी (एक्सएमएल फाइलींचं जावा ऑब्जेक्टमध्ये रूपांतर करणारी लायब्ररी) जेडीकेमधून, म्हणजे जावाच्या मूळ टूलकिटमधून, काढून टाकलं, म्हणजे तिच्यावर एक्सएमएल वाचणारा कोड कंपाइलच होत नाही, लायब्ररी वेगळी जोडावी लागते. १७ पासून जेडीकेच्या आतल्या क्लासमध्ये हात घालायची वाट जवळजवळ बंद, त्यामुळे जुन्या लायब्रऱ्या चालू करताच आपटतात. स्प्रिंग बूट ३ (जावाचं फ्रेमवर्क) वापरत असाल तर त्याला जावा किमान १७ लागते आणि त्यात जावाएक्स नावाने सुरू होणारी बरीच इम्पोर्ट जकार्ता होतात, पण सरसकट फाइंड-रिप्लेस मारू नका हं, जावाएक्स एसक्यूएल तसंच राहतं!

आणि मराठी डेटा असेल तर हे नीट वाचा. जावा १८ पासून डीफॉल्ट एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये साठवायची ठरलेली पद्धत, यूटीएफ-८ झालं, त्यात मराठी अक्षरंही बसतात. त्याआधी विंडोजवर ते मशीनच्या सेटिंगप्रमाणे ठरायचं, म्हणून तर ग्राहकांची नावं प्रश्नचिन्हं होऊन छापली जायची आणि मग कुणीतरी कोडमध्ये जुगाड करून ठेवायचं, तो जुगाड आता उलटा पडू शकतो. आत्ताच ८ वर फाइल एन्कोडिंगचा फ्लॅग यूटीएफ-८ देऊन चालवून बघा, काय तुटतं ते मार्चच्या आधीच कळेल.

म्हणून माझं म्हणणं, कोर्स तुमच्याच कोडचा करा. वेगळी ब्रँच (कोडची वेगळी प्रत) काढा, जेडीके २१ टाका, बिल्ड मारा, एकेक एरर सोडवा. जेडेप्स हे टूल जेडीकेबरोबरच येतं, आतल्या क्लासना कोण हात लावतंय ते सांगतं. ओपनरीराइट हे टूल पुष्कळसे बदल आपोआप करून देतं, फक्त डिफ, म्हणजे काय बदललं ते, डोळ्यांखालून घाला. आणि हे सगळं ऑफिसच्या वेळेत मागून घ्या, क्लायंटची गरज आहे, तुमच्या मुलीच्या रविवारची नाही. तरी कोर्स हवाच असेल तर मायग्रेशनचा, दहा-बारा तासांचा शोधा आणि बिल कंपनीला द्या.

प्रश्न: ऑफिसात रिपोर्टची एक पायथन या भाषेच्या २.७ ची स्क्रिप्ट आहे, ३ वर न्यायला क्लास लावू का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर: एका स्क्रिप्टसाठी? नको. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, त्यामुळे न्यायला तर हवंच. प्रिंटला कंस नसतील तर एरर येते, ते दिसतं तरी. भागाकार मात्र गप्प बदलतो, ७/२ चे आधी ३ यायचे, आता ३.५ येतात, कुठे एरर नाही काही नाही. मागच्या महिन्याचा रिपोर्ट बाजूला ठेवा, नवी स्क्रिप्ट त्याच डेटावर चालवा आणि बेरजा जुळवून बघा.