डेव्हिल्स टॉवरला जाण्याआधी

डेव्हिल्स टॉवर चढायचाय ना? मग आधी महिना बघ. जून असेल तर बेत पुढे ढकल. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातला हा सुळका लकोटांसह वीसहून अधिक मूळनिवासी जमातींसाठी पवित्र आहे आणि जूनमध्ये तिथे त्यांचे विधी चालतात. १९९५ पासून नॅशनल पार्क सर्व्हिस, म्हणजे तिथली राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारी सरकारी संस्था, त्या महिन्यात चढू नका अशी विनंती करते. सक्ती नाही, कुणी अडवणारही नाही. म्हणूनच तू स्वतःहून थांबावंस असं मला मनापासून वाटतं. ‘ऐच्छिकच आहे, मग काय’ हे मला अजिबात पटत नाही. दुसरीकडे, अमेरिकेतल्याच लेक टाहो या तलावाच्या काठावरच्या केव्ह रॉकवर, वॉशो या मूळनिवासी लोकांच्या पवित्र जागी, चढाईवर सरळ बंदीच आली आणि २००७ मध्ये अपील न्यायालयानेही ती कायम ठेवली.

टॉवरच्या पायथ्याशी झाडांना रंगीत कापडं, छोट्या पुरचुंड्या बांधलेल्या दिसतील. त्या प्रार्थना आहेत. हात लावू नकोस, फोटोही नको.

कुठल्याही कड्यावर जुनी चित्रं किंवा कोरीवकाम दिसलं, तर तिथे चॉक (हाताची पकड टिकवणारी पावडर) नाही, ब्रश नाही, खडकात ठोकायचे बोल्ट तर नाहीच. चॉक पुसायला जाशील तर दगडाचा वरचा थरही घासला जाईल.

जुलैत खुशाल जा. चढण्याआधी आणि उतरल्यावर तिथे नोंद करावी लागते, तेवढं विसरू नकोस.