रिंगटोन झाली अन् बाबा हरवले?

प्रश्न : ताई नमस्कार, मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी. माहे बाबा गुरुदेव सेवा मंडळात होते, संध्याकाळची प्रार्थना झाली की खंजिरी घेऊन राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे भजनं म्हनाचे, महाराजांच्या पुण्यतिथीले मोझरी कधी चुकवली नाही. ते गेल्यावर त्यांच्या आवडीचं भजन मी मोबाईलले रिंगटोन ठेवलं. पहिले पहिले फोन वाजला की डोयात पानी ये. आता काहीच वाटत नाही, उलट वाजलं की वाटते सोसायटीवाल्याचा वसुलीचा फोन असन. बाबाले विसरलो का मी? अन् त्यांची खंजिरी घरचे म्हनतात भजन मंडळाले देऊन टाका, देऊ का?

उत्तर : दादा, विसरले बिसरले काही नाही तुम्ही. रिंगटोन तेवढी बदला, आजच.

होतं काय, की ते भजन आधी तुम्ही एकाच ठिकाणी ऐकलेलं, संध्याकाळ, ओसरी, बाबा. आता तेच दिवसभर वाजतं, वावरात, एसटीत, कृषी केंद्राच्या काउंटरवर, अन् दर वेळी काहीतरी नवीन त्याला चिकटतं. एकाच खुंटीवर धा कपडे टांगले तर खालचा सदरा दिसल का? सदरा आहे तिथंच. म्हणून तर रोज वापरातल्या दाराकडे पाहून कोणाचे डोळे भरत नाहीत अन् पेटीच्या तळाशी सापडलेला चष्मा माणसाला खाली बसवतो.

गाण्यानं हे का होतं यावर बराच अभ्यास झालाय. अमेरिकेतले मेंदूचे अभ्यासक पेत्र जनाता यांनी २००९ मध्ये पोरापोरींना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून त्यांच्या शाळकरी वयातली गाणी ऐकवली, तर जी गाणी आठवण घेऊन आली तेव्हा कपाळामागचा एक भाग जास्त जागा झाला, तोच भाग जिथं माणूस स्वतःबद्दल विचार करतो. म्हणजे गाणं नुसतं कानाचं नाहीच, त्यात आपण असतो.

आता खंजिरी. लगेच देऊ नका बाप्पा. पावसाळ्यात चामडं सैल पडतं, तर बाबा वाजवायच्या आधी ती चुलीपाशी शेकत असतील ना? तसंच शेका, अन् वास घ्या. बाकी इंद्रियांच्या बातम्या मेंदूत आधी एका मधल्या नाक्यावर थांबतात, वासाला तो नाका लागत नाही, तो सरळ भावना अन् आठवणींच्या भागाशेजारी जाऊन पोचतो. (माझं म्हणाल तर भिजवलेल्या सरकीच्या ढेपेचा वास आला की मी आजोबांच्या गोठ्यात, अत्तराची बाटली काय करणार ते!) पण रोज काढू नका, नाहीतर तिचीही रिंगटोन होईल. बाबांच्या पुण्यतिथीला काढा, घरात सगळे असताना.

आणखी एक, जे आठवल ते वहीत लिहून ठेवा, काकाला विचारून घ्या. आठवण दर वेळी काढताना थोडी बदलते, आपल्याला पत्ताही लागत नाही.

प्रश्न : माझ्या सासूबाई नातवंडांची नावं विसरतात, पण गहू निवडायला बसल्या की जात्यावरच्या ओव्या एका मागं एक म्हणतात. नाटक तर नाही ना करत?

उत्तर : नाही वहिनी, असं म्हणू पण नका. विसरण्याच्या आजारात गाणी बऱ्याचदा उशिरापर्यंत टिकतात, अन् धा ते तीस वयातलं तर सगळ्यात पक्कं बसलेलं असतं. म्हणजे लग्न होऊन आल्या तेव्हाचं. टीव्हीवरची नवी भजनं लावून देण्यापेक्षा सूप त्यांच्या हातात द्या, जवळ बसा, अन् मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या, त्या ओव्या पुन्हा मिळणार नाहीत. पण त्याआधी डॉक्टरला दाखवा, बी-१२ कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी विसरायला होतं, अन् त्याला औषध आहे.