व्हिडिओ पुरे, आता स्टार्टर जोड

प्रश्न : मी सोलापुरात आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील अशोक चौकाजवळ यंत्रमागावर कामाला आहेत. घरी आम्ही तेलुगू बोलतो, माझं शिक्षण मराठीतून झालं. मोटर स्टार्टरचे व्हिडिओ पाहताना सगळं कळतं, पण वर्कशॉपमध्ये वायर हातात घेतली की काही सुचत नाही. मुलगी म्हणून कारखान्यात मोटरजवळ कुणी फिरकू देत नाही. ऑनलाइन सराव करता येईल का?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : नक्की येईल. व्हिडिओत जोडणी दुसऱ्याचे हात करतात. कुठली वायर कुठे जाणार, हे तुला एकदाही ठरवावं लागत नाही. तू तिथेच अडतेस. आयटीआयत शिल्प निदेशक म्हणून शिकवताना अशी हुशार मुलं मी खूप पाहिली.

आयटीआयच्या संगणकावर टिंकरकॅड ही पडद्यावर सर्किट जोडून पाहायची वेबसाइट उघड. ती मोफत आहे. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर मात्र जोडणी अवघड जाते. टिंकरकॅडच्या ‘सर्किट्स’मध्ये दोन पोलचा रिले, पुश बटण, स्लाइड स्विच, डीसी मोटर आणि कमी व्होल्टेजचा पुरवठा घे. रिले, म्हणजे कॉइलमधून वीज गेली की जोडला जाणारा स्विच, हा तुझा कॉन्टॅक्टर, स्टार्टरमधला मोटर चालू-बंद करणारा भाग. पुश बटण हे स्टार्टरचं हिरवं बटण, आणि कॉइलच्या वाटेतला स्लाइड स्विच हे लाल. रिलेचा एक पोल मोटरला दे, दुसरा हिरव्या बटणाला समांतर. हाच कॉइलचा पुरवठा धरून ठेवणारा होल्डिंग कॉन्टॅक्ट. बटण सोडल्यावरही मोटर चालू राहिली, की जोडणी जमली.

आता ती मुद्दाम बिघडव. होल्डिंगची वायर काढ, पण बटण दाबण्याआधी काय होईल ते वहीत लिही. हे लिहिणं टाळलंस तर तोही व्हिडिओच झाला. मग वायर परत लाव, मोटर चालू असताना स्लाइड स्विच बंद करून पुन्हा चालू कर. मोटर थांबलेलीच राहील. कारखान्यात वीज जाऊन परत आली, तरी अशा स्टार्टरवरची मोटर आपोआप सुरू होत नाही, ती यामुळेच. त्या क्षणी तुटलेला धागा जोडायला कुणाचा तरी हात मागात असू शकतो, कदाचित तुझ्या वडिलांचाही. एवढ्याशा वायरीला इतकं महत्त्व आहे, पोरी.

मूळ सर्किटच कच्चं वाटत असेल, तर कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ सिम्युलेशन्स मोबाइलवरही चालतात, बरीच मराठीत आहेत. तिथे बिनधास्त शॉर्ट सर्किट कर. पडद्यावरच्या बॅटरीतून ज्वाळा निघतात, तुला इजा नाही. लेखी परीक्षेसाठी केंद्राच्या ‘भारत स्किल्स’ पोर्टलवर ट्रेडनुसार प्रश्नसंच आहेत. आणि मुलाखतीची तयारी म्हणून बिघडवलेल्या प्रत्येक जोडणीबद्दल मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड कर : लक्षण काय दिसलं, आधी काय तपासलं, मग दोष कुठे सापडला. मराठीतच बोल.

एक फेज गेल्यावर थ्री-फेज मोटर कसा घुमणारा आवाज करते, किती तापते, हे पडद्यावर कळणार नाही. वडिलांना सांगून कारखान्याच्या वायरमनची परवानगी घे. सुट्टीच्या दिवशी मेन स्विच बंद करून, पुरवठा खरंच गेल्याची खात्री त्यांनी केल्यावर, त्यांच्यासमोर स्टार्टरचं झाकण उघडून होल्डिंगची वायर शोध. मोटर जास्त करंट घेऊ लागली की तिला बंद करणाऱ्या ओव्हरलोड रिलेवर लावलेला आकडा मोटरच्या नेमप्लेटवरच्या अँपिअरशी जुळतो का, तेही पाहून घे.