वाचकांचे प्रश्न : पहिला डीएसएलआर निवडताना

प्रश्न : कॅनन १५००डी आणि निकॉन डी३५०० यांपैकी एक घ्यायचा आहे. दोन्ही २४ मेगापिक्सेलचे आहेत आणि दोन्हींबरोबर १८-५५ लेन्स मिळते. मग फरक कशात आहे?

मेगापिक्सेलमध्ये फरक नाही, आणि असता तरी फारसे बिघडले नसते. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० × ४००० ठिपके. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापल्यास २० × १३ इंचांची प्रत निघते. कॅननच्याच १८ मेगापिक्सेलच्या ३०००डीवर हीच प्रत सुमारे १७ × ११.५ इंचांची होते. भिंतीवर लावलेल्या फोटोत एवढा फरक कोणाच्या नजरेत भरत नाही.

फरक आहे तो वापरात. डी३५०० सलग शूटिंगमध्ये सेकंदाला ५ फोटो काढतो, १५००डी ३. पळणारे मूल किंवा उडणारा पक्षी टिपताना हे लगेच जाणवते. ठरावीक चाचणीनुसार निकॉनची बॅटरी एका चार्जमध्ये १५५० फोटो देते आणि कॅननची सुमारे ५००, म्हणून १५००डी घेणाऱ्याने दुसऱ्या बॅटरीचे पैसे आधीच हिशेबात धरावेत. फोकस पॉइंट निकॉनला ११ आणि कॅननला ९ आहेत; दोन्हींत फक्त मधला पॉइंट क्रॉस प्रकारचा, म्हणजे आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा. मंद प्रकाशात कडेचे पॉइंट अडखळू लागले, की मधल्याने फोकस घ्यावा, बटण अर्धे दाबून धरावे आणि मग चौकट जुळवावी. ही सवय दोन्ही कॅमेऱ्यांवर लागेलच.

सर्वांत मोठा फरक सावलीत दिसतो. खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा काळवंडला आणि तुम्ही रॉ फाइलमध्ये (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) तो दोन-तीन स्टॉप उजळलात (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), तर डी३५००ची फाइल बरीच स्वच्छ राहते. १५००डीच्या फाइलमध्ये रंगीत दाणे आणि आडव्या-उभ्या पट्ट्या लवकर वर येतात. रॉमध्ये काम करायचे असेल तर निव्वळ सेन्सरच्या बळावर निकॉन सरस आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कॅमेऱ्याने तयार करून दिलेली जेपेगच वापरणार असाल, तर हा फायदा बहुतांशी वाया जातो.

कॅननच्या बाजूनेही ठोस मुद्दे आहेत. १५००डीमध्ये एक्स्पोजर ब्रॅकेटिंग आहे, म्हणजे एकच दृश्य कमी, योग्य आणि जास्त उजेडात सलग तीनदा टिपता येते. डी३५००मध्ये ही सोय नाही. १५००डीला तारेचा रिमोट जोडता येतो, डी३५००ला त्यासाठी जागाच ठेवलेली नाही. शिवाय १५००डीला वायफाय आहे. डी३५००ला फक्त ब्लूटूथ असून त्यावरून फोनवर आपोआप येतात त्या साधारण २ मेगापिक्सेलच्या छोट्या प्रती. मायक्रोफोनची खाच दोघांनाही नाही.

निकॉनने डी३५००चे उत्पादन थांबवले आहे, त्यामुळे 'नवा' म्हणून पुढे येणारा नग सीलबंद आहे का आणि वॉरंटी कोणत्या तारखेपासून धरली जाईल, हे लेखी घ्या. आणि दोन्ही बॉडी हातात धरून पाहा. डी३५००ची पकड खोल आहे, वजन बॅटरी-कार्डासह सुमारे ४१५ ग्रॅम. १५००डी सुमारे ४७५ ग्रॅम. करंगळी खाली लोंबकळत असेल किंवा अंगठा मागच्या बटणांवर चुकून पडत असेल, तर आकडे कितीही चांगले असले तरी तो कॅमेरा कपाटातच राहतो.

प्रश्न : कॅननच्या दोन लेन्सच्या 'डबल किट'मध्ये ७५-३०० लेन्स जवळजवळ फुकट मिळते आहे. घ्यावी का?

नाही. कॅननच्या त्या ७५-३०० एफ/४-५.६ लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप शोषणारी सोय) नाही, ३०० मिमीला चित्र मऊ येते आणि फोकस मंद आहे. कॅननचा हा सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरपेक्षा) लहान आहे, त्यामुळे त्यावर ३०० मिमीला दृश्य ४८० मिमीइतके आवळले जाते. हातात धरून स्थिर फोटो हवा, तर शटर निदान १/५०० सेकंद लागते, आणि एफ/५.६वर (हा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते) आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता, न वाढवता तेवढा प्रकाश भर उन्हातच मिळतो. त्याऐवजी ५५-२५० आयएस एसटीएम घ्या ('आयएस' म्हणजे कॅननचे स्टॅबिलायझेशन). पल्ला ५० मिमीने कमी, पण प्रत्यक्ष उपयोगी फोटो कितीतरी जास्त.

किट लेन्स घेतानाही नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. कॅननची १८-५५ 'आयएस'सह येते आणि तिच्याविनाही. नुसते 'III' लिहिलेली लेन्स स्टॅबिलायझेशनविना असते. निकॉनची एएफ-पी १८-५५ आणि ७०-३०० याही 'व्हीआर'सह (निकॉनचे स्टॅबिलायझेशन) आणि व्हीआरविना अशा दोन्ही प्रकारांत निघाल्या आहेत. बाहेरून त्या जवळपास सारख्याच दिसतात. व्हीआर असलेल्या एएफ-पी डीएक्स लेन्सवर चालू-बंद करायचे बटणही नसते, ते काम कॅमेऱ्याच्या मेनूतून होते. म्हणून 'बटण नाही म्हणजे व्हीआर नाही' असे समजू नका. लेन्सच्या कड्यावरचे नावच पाहा.

प्रश्न : घरात मुलांचे फोटो किट लेन्सने हललेले येतात. जास्त महाग बॉडी घेतली तर सुटेल का?

बॉडी बदलून नाही सुटणार. १८-५५ लेन्स ५५ मिमीला एफ/५.६पेक्षा जास्त उघडत नाही. संध्याकाळी घरातल्या दिव्यांत आयएसओ १६०० ठेवला, तर शटर सहज १/१५च्या आसपास उतरते. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा कंप शोषते, मुलाची हालचाल थांबवू शकत नाही. म्हणून सोफा लख्ख आणि चेहरा पुसट, असे फोटो येतात.

यावर खरा उपाय एफ/१.८ लेन्स. एफ/५.६ ते एफ/१.८ हे अंतर सुमारे सव्वातीन स्टॉपचे आहे: जिथे आयएसओ ६४०० लागला असता, तिथे साधारण ६४० पुरतो. कॅननसाठी ५० मिमी एफ/१.८ एसटीएम आहे, पण या सेन्सरवर ती ८० मिमीसारखी वागते आणि छोट्या खोलीत मागे सरकता सरकता पाठ भिंतीला टेकते. एकट्याच्या चेहऱ्याला ती उत्तम. निकॉनवर एएफ-एस डीएक्स ३५ मिमी एफ/१.८जी घ्या, दृश्य सुमारे ५२ मिमीचे, खोलीतल्या रोजच्या फोटोंसाठी अगदी योग्य. घरातली माणसे हाच मुख्य विषय असेल, तर निकॉनकडे झुकण्याचे आमच्या मते हेच सर्वांत मोठे कारण आहे.

सेटिंग असे ठेवा. निकॉनवर 'ए' मोड, अ‍ॅपर्चर (लेन्सचे उघडे तोंड) एफ/२.२, ऑटो आयएसओ चालू, किमान शटर १/१६०, कमाल आयएसओ ३२००. १५००डीच्या ऑटो आयएसओमध्ये किमान शटर ठरवता येत नाही, म्हणून तिथे 'टीव्ही' मोड (यात शटर तुम्ही ठरवता) घेऊन १/१६० लावा. कॅमेरा आधी अ‍ॅपर्चर पूर्ण उघडेल, मग आयएसओ वाढवेल. मधला फोकस पॉइंट जवळच्या डोळ्यावर. एफ/१.८ला जवळून काढलेल्या चेहऱ्यात एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर होतो. दोन मुले शेजारी असतील तर एफ/२.८ किंवा एफ/४पर्यंत या.

प्रश्न : डी३५००वर जुनी ५० मिमी एफ/१.८डी लेन्स लावली. फोटो निघतो, पण फोकस आपोआप होत नाही. लेन्स बिघडली का?

बिघडलेली नाही. तुमच्या या एएफ 'डी' लेन्ससारख्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, बॉडीतली मोटर एका छोट्या स्क्रूने फोकस फिरवते. डी३५०० आणि डी५६०० यांच्या बॉडीत ही मोटर नाही. हाताने फोकस करा. व्ह्यूफाइंडरच्या खालच्या पट्टीतला गोल ठिपका स्थिर पेटला की निवडलेल्या पॉइंटवर फोकस लागला. आपोआप हवा असेल, तर नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असलेलीच लेन्स घ्या. उलट अडचणही आहे : एएफ-पी लेन्स निकॉनच्या डी९०सारख्या जुन्या बॉडींवर चालत नाहीत. कॅननच्या ईएफ लेन्सची मोटर पहिल्यापासून, म्हणजे १९८७पासून, लेन्समध्येच असल्याने तिथे हा गोंधळ नाही.

प्रश्न : कॅननच्या २००डी मार्क II वर साधा फ्लॅश ट्रिगर बसवला तर फ्लॅश उडतच नाही.

हॉट शूमध्ये (कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फ्लॅश बसवायची खाच) नीट पाहा, मधला मोठा संपर्कबिंदू तिथे नाही. कॅननने १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क II या तिघांतून तो काढून टाकला आहे. साधे ट्रिगर आणि जुने मॅन्युअल फ्लॅश फक्त त्याच बिंदूवर चालतात, म्हणून गप्प राहतात. कॅननचे टीटीएल (लेन्समधून प्रकाश मोजून फ्लॅश ठरवण्याची पद्धत) समजणारा ट्रिगर लागेल, आणि तोही तुमच्या मॉडेलचे नाव त्याच्या यादीत असेल तरच घ्या. तोवर कॅमेऱ्याच्या स्वतःच्या फ्लॅशने बाहेरचा फ्लॅश पेटवता येतो: बाहेरचा फ्लॅश स्लेव्हच्या (दुसऱ्या फ्लॅशची चमक पाहून उडणाऱ्या) 'एस२' स्थितीत ठेवा. 'एस१'मध्ये तो कॅमेऱ्याच्या मोजणीसाठीच्या पहिल्या चमकेलाच उडतो आणि फोटोत प्रकाश येत नाही. स्टुडिओच्या दिव्यांवर शिकण्याचा बेत असेल, तर ही उणीव खरेदीआधीच जमेस धरायला हवी.

प्रश्न : व्हिडिओही काढायचे आहेत. मग कोणता?

वरच्या दोघांपैकी कोणताही नाही. २००डी मार्क II. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर पाहून काढताना, १५००डी आणि डी३५०० पुढे-मागे चाचपडत फोकस शोधतात. २००डी मार्क II चा ड्युअल पिक्सेल फोकस (सेन्सरवरच फोकस मोजणारी पद्धत) चेहऱ्याला धरून राहतो, पडदा बाहेर वळतो आणि मायक्रोफोनची खाच आहे. मात्र व्हिडिओ १०८०वरच काढा. ४केमध्ये ड्युअल पिक्सेल चालत नाही आणि दृश्यही आणखी आवळले जाते.

प्रश्न : वापरलेला कॅमेरा घेताना काय तपासावे?

एक कार्ड आणि चार्ज केलेली बॅटरी सोबत न्या आणि अर्धा तास मागून घ्या. घाई करणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नका.

आधी सेन्सर. 'ए' मोड (कॅननवर 'एव्ही'), एफ/२२, आयएसओ १००, एक्स्पोजर अधिक १, फोकस हाताने मुद्दाम बिघडवून कोऱ्या भिंतीचा फोटो काढा. कॅमेरा थोडा हलला तरी चालेल, धूळ सेन्सरवर असल्याने तिचे ठिपके जागा सोडत नाहीत. फोटो मोठा करून कोपऱ्यापर्यंत पाहा. मऊ कडांचे राखाडी ठिपके ब्लोअरने जाऊ शकतात. केसासारखी रेघ दुसऱ्या लेन्सवरही त्याच जागी उमटली आणि फुंकूनही गेली नाही, तर ओरखडा समजा आणि बॉडी परत करा. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारे कण फोटोत येत नाहीत, त्यांची चिंता नको.

मग शटर. निकॉनच्या जेपेगमध्ये शटर किती वेळा उडाले ती संख्या लिहिलेली असते, मेटाडेटा दाखवणाऱ्या कोणत्याही चांगल्या प्रोग्रॅममध्ये ती वाचता येते. डी३५००चे शटर १ लाख वेळांसाठी तपासलेले आहे. ३० हजारांच्या आतला नग निश्चिंतपणे घ्यावा. कॅनन ही संख्या फोटोत लिहीत नाही, तिथे हॉट शू, पकडीचे रबर आणि माउंटची झीज पाहूनच अंदाज बांधावा लागतो. १/४००० आणि १/३० असे दोन्ही फोटो काढा. वेगवान फोटोत एका बाजूला काळी पट्टी दिसली तर शटर थकले आहे.

फोकसची चाचणी बहुतेक जण टाळतात, आणि पुढे पस्तावतात. छापील पान ४५ अंशांत टेकवा, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. मधल्या पॉइंटने एका ओळीवर व्ह्यूफाइंडरमधून पाच फोटो घ्या, प्रत्येक वेळी आधी फोकस मुद्दाम बिघडवून. मग त्याच ओळीवर लाइव्ह व्ह्यूमधून. लाइव्ह व्ह्यूचे फोटो नेमके आणि व्ह्यूफाइंडरचे पाचही पुढच्या किंवा मागच्या ओळीवर गेले असतील, तर फोकसची जुळणी सरकलेली आहे. महागड्या बॉडींत ही दुरुस्ती मेनूतून करता येते, या स्तरावरच्या बॉडींत नाही. सर्व्हिस सेंटरचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

शेवटी लेन्स. मागचे झाकण काढून अ‍ॅपर्चर उघडे ठेवा, एका टोकाकडून टॉर्च तिरका मारा आणि दुसरीकडून पाहा. दोन-चार धूलिकण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. ती काचेचा लेप खाते, पुसून काढली तरी डाग राहतो. किट लेन्स साफ करायचा खर्च तिच्या किमतीच्या जवळ जातो, त्यामुळे तशी लेन्स सोडून फक्त बॉडीचा भाव ठरवा.

प्रश्न : पुढे मिररलेसकडे (आरसा नसलेल्या कॅमेऱ्याकडे) जायचे झाले तर आज घेतलेल्या लेन्स वाया जातील का?

कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स ईएफ-ईओएस आर अडॅप्टरने आर मालिकेच्या मिररलेस बॉडींवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनचा एफटीझेड अडॅप्टर एएफ-एस आणि एएफ-पी लेन्सना ऑटोफोकस देतो, जुन्या 'डी' लेन्सना नाही. लहान सेन्सरसाठीच्या ईएफ-एस आणि डीएक्स लेन्स फुल-फ्रेम मिररलेसवर सेन्सरचा फक्त मधला भाग वापरतात, त्यामुळे मेगापिक्सेल निम्म्याखाली उतरतात. म्हणून पुढे फुल-फ्रेमकडे जाण्याचा विचार पक्का असेल, तर एफ/१.८ लेन्स ईएफ किंवा एफएक्स, म्हणजे फुल-फ्रेमसाठीच्या, प्रकारातली घ्या. ५० मिमी एसटीएम ईएफच आहे, निकॉनवर एएफ-एस ५० मिमी एफ/१.८जी तशी आहे. किट लेन्सवर मात्र या हिशेबासाठी एक रुपयाही जास्त घालू नका.