पासिंगचा आकडा ठरवताना

मडगावच्या बैठकीत गाईडांच्या परीक्षेचं पॅनेल पहिल्यांदाच तुझ्याकडे आहे ना? मग सुरुवातीला एवढंच सांभाळ.

'५० टक्के ठेवूया, सगळीकडे तेच असतं,' असं कुणीतरी म्हणणारच. मानू नकोस. पेपर सोपा निघाला तर ६० वालाही कच्चाच असतो.

आधी जेमतेम पात्र गाईड कसा असतो, ते ठरवा. जुन्या गोव्यात पर्यटकांना एकट्याने नीट फिरवेल, पण खोलातल्या प्रश्नाला अडखळेल, असा. यावर अख्खी सकाळ गेली तरी चालेल. पॅनेलवाले हटकून आपल्या ओळखीतला सगळ्यात हुशार गाईड डोळ्यांपुढे ठेवतात आणि पासिंगची रेषा भलतीच वर जाते.

मग अँगॉफ पद्धत: असे जेमतेम पात्र १०० जण बसले, तर या प्रश्नाचं उत्तर किती जणांना येईल? प्रत्येकाने आधी गुपचूप लिहायचं, मग चर्चा, मग हवा तर आकडा बदलायचा. सगळ्यांच्या, सगळ्या प्रश्नांवरच्या आकड्यांची सरासरी म्हणजे तुमची रेषा.

नेहमीच्या चुका:
- पॅनेलवर नुसते प्राध्यापक. रोज फिरणारे गाईड हवेतच.
- चार पर्यायांच्या प्रश्नाला १० चा आकडा. डोळे मिटून खूण केली तरी २५ जणांचं जुळतं, रे!
- किती पास करायचे ते आधीच ठरवून मागून हिशेब जुळवणं.

बुकमार्क ही रेषा ठरवायची दुसरी पद्धत, ती आणि आकडेमोडीचे बारकावे नंतर बघू. कुणी आकडा का बदलला ते मात्र लिहून ठेव, नापास झालेले विचारायला येतात.