खाडीतलं कांदळवन ओळखायचंय? आधी मुळांकडे बघा

पानांचे फोटो काढून नाव विचारू नका, त्यात मीही पहिलं वर्ष घालवलं. खारफुटीत, म्हणजे याच कांदळवनात, पानं फसवतात, मुळं सहसा नाही.

सुरुवातीला तीनच झाडं पक्की करा:

- तिवर: चिखलातून पेन्सिलीसारखी बारीक श्वसनमुळं, पानाची मागची बाजू फिकट. किनाऱ्यावर जवळपास सगळीकडे, मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत तर त्याचंच राज्य.
- कांदळ: खोडापासून कमानीसारखी उतरलेली आधारमुळं. बी झाडावरच रुजतं आणि शेंगेसारखं लोंबत राहतं. ही शेंग नव्हे, रोप आहे! दक्षिणेकडे, रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाड्यांत अधिक भेटेल.
- पांढरी चिप्पी: श्वसनमुळं तिवरासारखीच वर येतात, पण जाड आणि टोकाकडे निमुळती. फळाखाली चांदणीसारखा निदलपुंज (फुलाची बाहेरची हिरवी पाकळीवजा दलं). २०२० पासून हा महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष. सिंधुदुर्गातल्या आचऱ्याच्या खाडीत बघायला मिळेल.

काटेरी पानांची मारांडी लगेच ओळखू येते, तिच्यावर वेळ घालवू नका.

नवख्यांची मोठी चूक म्हणजे भरतीला जाणं. मुळंच पाण्याखाली, मग बघणार काय? भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करा: चतुर्थीला (चारची पाऊणपट) पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, म्हणजे मधे सकाळी नऊला ओहोटी. गावातल्या खारव्याला, म्हणजे मासेमाऱ्याला, विचारलंत तर तोही हाच हिशोब सांगेल.

आणि फांदी तोडून चीक हाताला लावून घेऊ नका. गेवा हेही खारफुटीतलंच झाड, त्याचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. पोटजातींचं नंतर पाहू.