वाचक विचारतात : ट्रेसिंग पेपरवर सायनोटाइप

प्रश्न : जाड वॉटरकलर कागदावर सायनोटाइप (लोहक्षारांचा लेप दिलेल्या कागदावर उन्हात उठणारं निळं छायाचित्र) छान येतं. तेच द्रावण ट्रेसिंग पेपरवर लावलं की कागदाची नळी होते आणि धुताना निळा रंग वाहून जातो. काय चुकतंय?

उत्तर : ट्रेसिंग पेपरचा लगदा इतका कुटलेला असतो की तंतूंमध्ये हवेला जागाच उरत नाही. म्हणून तर तो आरपार उजेड सोडतो. पण म्हणूनच द्रावण आत मुरत नाही, वरच बसतं. शिवाय एकाच बाजूला ओल लागली की ती बाजू फुगते, आणि कागद वळतो.

कागद ९० जीएसएमच्या (चौरस मीटरला ९० ग्रॅम) आसपासचा घ्या. आर्किटेक्ट लोक कच्च्या आराखड्याला वापरतात तो पातळ बटर पेपर धुताना हातातच फाटतो. स्वयंपाकघरातला सिलिकॉनचा बटर पेपर तर नकोच, त्यावर द्रावणाचे मणी होतात.

द्रावण नेहमीचंच : हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम आणि पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम, दोन्ही वेगवेगळ्या बाटल्यांत, पाणी घालून १०० मिलि करायचं. हातमोजे घाला. ८ बाय १० इंचांच्या छापाला दोन्हींतलं पाऊण-पाऊण मिलि पुरे. त्यात १० टक्के ट्वीन-२० चा (द्रावण सारखं पसरवणारा साबणासारखा पदार्थ) एकच थेंब टाका, म्हणजे लेप फाटत नाही. कागदाच्या चारही कडा मास्किंग टेपनं काचेवर पक्क्या करा. फोमचा ब्रश आधी आडवा, मग उभा, अगदी हलक्या हातानं फिरवा. तिरप्या उजेडात बघा : ओली चकाकी मिनिटभरात मंदावली पाहिजे. तळं साचलेलं दिसलं तर द्रावण जास्त झालंय, आणि धुताना वाहून जाणारा निळा थर तोच. पिवळ्या बल्बखाली पंख्यावर पूर्ण वाळल्याशिवाय टेप काढू नका.

रंग वाहण्याचं दुसरं कारण कमी ऊन. गडद भाग निळे दिसले की बरेच जण थांबतात. ते भाग निळ्यावरून राखाडीकडे झुकेपर्यंत थांबा.

धुताना कागद जाड प्लास्टिकच्या शीटवर ठेवूनच ट्रेमध्ये उतरवा. पहिल्या लिटरभर पाण्यात पाव चमचा लिंबूसत्त्व घाला, कारण बोअरचं क्षारयुक्त पाणी निळा रंग खातं. मग तीन-चार वेळा साधं पाणी बदला. पांढऱ्या भागातला पिवळेपणा गेला की झालं. नळाची धार छापावर सोडू नका. पाणी निथळलं, कागद अर्धवट वाळला, की टीपकागदांत घालून वजनाखाली दाबा आणि अर्ध्या तासानं टीपकागद बदला. छापाच्या बाजूला मात्र तो सिलिकॉनचा बटर पेपर ठेवा. इथे तो खरोखर उपयोगी पडतो, चिकटत नाही.

प्रश्न : छापामागे सोन्याचा वर्ख लावलेला पाहिला. सायनोटाइपला चालेल?

उत्तर : ही पद्धत अमेरिकी छायाचित्रकार डॅन बर्कहोल्डर यांच्या प्लॅटिनम-पॅलेडियम छापांमुळे (या धातूंच्या क्षारांनी उठवलेले छायाचित्र-छाप) बऱ्याच जणांना माहीत झाली. तिथे छपाईचा रंग तपकिरी-काळा असतो, त्यामुळे सोनं उजळ भागांतून उबदार दिसतं. सायनोटाइपचा निळा रंग म्हणजे प्रशियन ब्लू, तो तांबडा उजेड गिळतो. मागून सोन्याचा पिवळा आला की मधल्या छटा हिरवट होतात. ते हवं असेल तर जरूर करा. नाहीतर निळ्यामागे ॲल्युमिनियमचा वर्ख घ्या. चांदीचा हवेनं काळवंडतो.

वर्ख चिकटवायला पाण्यातला गोंद वापरलात तर कागद पुन्हा फुगेल. तेलातली गिल्डिंग साइझ (वर्ख चिकटवायचा डिंक) मागच्या बाजूला पातळ लावा. बोटाचं पेर टेकवून उचललं की हलका 'टक्' आवाज यावा, पण पेराला काही लागू नये. ती वर्ख ठेवायची वेळ. आधी लावला तर वर्ख साइझमध्ये बुडतो आणि तेज जातं.

प्रश्न : खिडकीत लावल्यावर छाप फिका का दिसतो?

उत्तर : भिंतीवरच्या छापात उजेड रंगातून दोनदा जातो, आत जाताना आणि परतताना. खिडकीत एकदाच. त्यामुळे ऊन दीडपट ते दुप्पट द्या; हातात धरल्यावर छाप जरा जास्तच गडद वाटला पाहिजे. सतत उन्हात निळा रंग विटतो, पण काही दिवस अंधारात, हवा लागेल असा ठेवला की बराचसा परत येतो.